सेरिफ आणि सॅन्सच्या मधला टाइपफेस काढतोय. देवनागरीचं काय करू?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस फावल्या वेळात एक टाइपफेस काढतोय. एकट्यानंच बघून बघून नजर मेली आहे, म्हणून इथे मांडतो. धागा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं पोटापाण्याचं काम पुस्तकांच्या मांडणीचं. द्विभाषिक पुस्तकं बरीच येतात: डाव्या पानावर मराठी कविता, उजव्या पानावर तिचा इंग्रजी अनुवाद. तिथे दर वेळी गाडी एकाच जागी अडते. मराठीसमोर गॅरामाँडच्या जातीचा सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला टाइप) ठेवला की उजवं पान फिकं पडतं. शिरोरेषेनं बांधलेल्या भरीव ओळींपुढे ते बारीक सेरिफ नुसते चुरचुरतात. हेल्व्हेटिकाच्या वळणाचा सॅन्स (असे पाय नसलेला टाइप) ठेवला तर दोन्ही पानांचा करडेपणा (दुरून दिसणारी गडद-फिकी छटा) जुळतो, पण कविता कोरडी पडते.

म्हणून मधलं काहीतरी काढायचं ठरवलं. सेरिफ नाहीत, पण रेघ एकसारख्या जाडीचीही नाही: कमरेत किंचित बारीक, टोकांना किंचित फाकलेली. ऑप्टिमा हा टाइपफेस ज्यांनी पाहिलाय त्यांच्या लक्षात येईल. ऑप्टिमाची नक्कल मात्र करायची नाहीये. त्याचा जीव कॅपिटल अक्षरांत आहे. माझं सगळं काम लहान अक्षरांचं, ११ पॉइंटच्या ओळींचं.

रोमनचे आकडे देतो, १००० एककांच्या चौकटीत (टाइपच्या आकाराचे १००० भाग). उभी रेघ कमरेत ८४, टोकाला ९६, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा एककं फाकवली आहेत. आडव्या रेघा ६६. एक्स-उंची (लहान 'एक्स'ची उंची) ४९०, कॅपिटलची उंची ६८०. लहान 'एन'ची कमान दंडातून फुटते तिथे खोल खाच ठेवली आहे, 'सी' आणि 'ई'ची टोकं गोल न करता तिरकी छाटली आहेत. रोमन बरंचसं मनासारखं झालंय.

अडलंय देवनागरीत. एका मसुद्यात रोमनचाच नियम लावला: प्रत्येक दंड खाली फाकवला, शिरोरेषेची दोन्ही टोकंही फाकवली. एकेकटा शब्द छान दिसतो, परिच्छेद केला की सगळी ओळ टोचायला लागते. दुसऱ्या मसुद्यात सगळं एकाच जाडीचं ठेवलं. ते स्वच्छ आहे, पण मग तो सरळसरळ सॅन्सच झाला आणि समोरच्या रोमनशी त्याचं नातं उरलं नाही.

तर प्रश्न असा: रोमनमध्ये 'मधलं' म्हणजे काय ते मला दिसतं. देवनागरीत ते कुठे शोधायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ

पहिली खुर्ची आपली. एक बाळबोध प्रश्न विचारून घेतो, मग गप्प बसतो. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचा ढीग फुकट पडलाय. त्यातला एखादा उचलून लावला तर वाचक काय पोलिसात जाणार आहे का?

मैत्रेयी_क

@टवाळ, ढीग आहे, पण त्यात ही जागा रिकामीच आहे. एक टाइपचा मुक्ता घ्या: उत्तम, पण स्वभाव सॅन्सचा. त्यांचाच बालू हेडिंगसाठी. एक्झारला छान ठसका आहे, मात्र तो शांत कवितेच्या पानावर मला जास्त होतो. नोटोमध्ये सॅन्स देवनागरी आणि सेरिफ देवनागरी अशा दोन वेगळ्या फाइली मिळतात, मधली नाही.

अर्धविराम, 'मधलं' गाठायच्या दोन वाटा दिसतात. एक वाट म्हणजे काही सेरिफ ठेवायचे, काही काढायचे. ओटल आइखर यांनी १९८८ मध्ये रोटिस काढला तो असा: सॅन्स, सेमी सॅन्स, सेमी सेरिफ आणि सेरिफ, एकाच सांगाड्यावर चार पायऱ्या. लुकास द ग्रोट यांच्या थेसिसमध्येही (१९९४) सॅन्स आणि सेरिफच्या मध्ये 'द मिक्स' आहे. रोटिस सेमी सेरिफवर प्रेम करणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातली नाही; त्यातला 'सी' आणि 'ई' मला दर ओळीत अडवतो.

दुसरी वाट ऑप्टिमाची आणि अल्बर्टसची. तिथे सेरिफ हा भागच नसतो. रेघ स्वतःच टोकाकडे जाताना बदलते. अल्बर्टस काढणारे बेर्टोल्ड वोल्पे मूळचे धातूकाम करणारे. ब्राँझच्या पत्र्यावर अक्षराभोवतीचा भाग कोरून काढायचा आणि अक्षर उठावात ठेवायचं, त्या कामातून ते वळण आलं. लंडनच्या 'सिटी' भागातल्या रस्त्यांच्या पाट्या अल्बर्टसमध्ये आहेत, गेलात तर बघा. तुमचं रोमन या दुसऱ्या वाटेवर आहे. तिथेच राहा, दोन्ही वाटा एकत्र करू नका.

मशीनवाला

एवढा काथ्याकूट कशाला? दोन मास्टर (मूळ आराखडे) काढा, एक सेरिफचा आणि एक सॅन्सचा. बिंदूंची संख्या आणि क्रम सारखा ठेवा. व्हेरिएबल फॉन्ट (दोन आराखड्यांमधले सगळे आकार देणारा) बनवा, सरकपट्टी बरोबर मध्ये आणून ठेवा. झाला की मधला टाइपफेस! देवनागरीलाही तेच.

जुनाछापखाना

मशीनवाले, मिशा अर्ध्या कापल्या म्हणून माणूस अर्धा तरुण होत नाही.

आमच्याकडे ट्रेडल (पायानं चालवायचं छपाईयंत्र) होतं, वडील स्वतः जुळारी. खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरांच्या) केसेस अजून माळ्यावर आहेत. त्या अनुभवावरून सांगतो. धातूचा खिळा कागदावर दाबला जातो तेव्हा शाई खिळ्याच्या कडेबाहेर थोडी सरकते. रेघ जाड होते आणि टोकाचे कोपरे बोथट होतात. सरळ, एकसारख्या जाडीची रेघ खिळ्यावर कोरलीत तर कागदावर ती टोकाला निमुळती झाल्याचा भास होतो. टोक किंचित फाकवलं की छापल्यावर ते सरळ, नेटकं वाटतं. तेव्हा फाकवणं ही निव्वळ शोभा नाही, त्यात छपाईचा हिशेब आहे. अर्धविराम, तुमची पुस्तकं ऑफसेटवर जाणार, तिथे शाई एवढी सरकत नाही. म्हणजे तुम्ही सहा एककं फाकवलीत तर सहाच दिसतील. हे डोक्यात ठेवून आकडा ठरवा.

देवनागरीचं म्हणाल तर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे एकदा भिंगाखाली बघा. दंड वरून खाली एकसारखा नाही. पण फाकलेलाही नाही. तो खाली तिरका छाटलेला आहे. या एका गोष्टीवर तुमचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं, बाकीचं बोरूवाले सांगतील.

मैत्रेयी_क

मिशांना +१. मशीनवाले, तुमची कल्पना टाकाऊ नाही, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथनी ती फार आधी करून दाखवली आहे. मेटाफाँटवरच्या (आकडे बदलून अक्षरं काढायच्या पद्धतीवरच्या) १९८२ च्या लेखात त्यांनी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र असं छापलं होतं की प्रत्येक अक्षराला परिमाणं मागच्यापेक्षा जरा वेगळी. सुरुवातीला जुन्या वळणाचा सेरिफ, शेवटाला सेरिफविना. मधे कुठेही धक्का बसत नाही. पण त्या मधल्या ओळींतलं एखादं अक्षर उचलून त्यात अख्खं पुस्तक लावावंसं वाटत नाही, कारण ते अक्षर कुठे थांबायचं हे कुणी ठरवलेलंच नाही.

आणि हिशेबानंही बघा. ४० एकक लांबीचा सेरिफ सरकपट्टीच्या मध्यावर २० एककांचा होतो. ११ पॉइंटला १००० एककं म्हणजे ३.८८ मिलिमीटर. त्यातली २० एककं म्हणजे ०.०८ मिलिमीटरही नाहीत. एवढा खुंट सेरिफ म्हणून वाचला जात नाही, छपाईच्या प्लेटवर कचरा आलाय असं वाटतं.

पिक्सेलपंत

हिशेब निघालाच आहे तर पडद्याचाही करू. साध्या मॉनिटरवर १६ पिक्सेलचा मजकूर म्हणजे एका पिक्सेलमध्ये साडेबासष्ट एककं. तुमचा ८४ चा दंड सव्वा-दीड पिक्सेल. बाजूला फाकवलेली सहा एककं म्हणजे पिक्सेलचा दहावा भाग. ती गेलीच. तीनपट घनतेच्या फोनवर एक पिक्सेल साधारण २१ एककांचा. तिथे सहा एककं म्हणजे कडेला अगदी पुसट करडी झाक. २४०० डीपीआयच्या (इंचाला २४०० ठिपके) छपाईच्या प्लेटवर, ११ पॉइंटला, एक ठिपका पावणेतीन एककांचा. तिथे दोन ठिपके मिळतात. म्हणजे तुमचं 'मधलं' फक्त छापील पानावर आहे. मॉनिटरवर तो सॅन्स, फोनवर जेमतेम काहीतरी.

ही रड जुनी आहे. ३०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर ११ पॉइंटला ठिपका जवळजवळ २२ एककांचा होता, म्हणजे आजच्या फोनइतकाच. ऑप्टिमासारख्या रेघेचं तिथे व्हायचं काय, तर एकतर ती सरळ व्हायची किंवा मध्येच एका ठिपक्याची पायरी पडायची. पोस्टस्क्रिप्टच्या टाइप १ फॉन्टमध्ये 'फ्लेक्स' नावाची सोय होती ती याच्यासारख्याच भानगडींसाठी: २० एककांपर्यंतची उथळ वक्ररेषा लहान आकारात सरळ धरायची, मोठ्या आकारात वक्र. गेरार्ड उंगर यांनी १९८६ मध्ये बिटस्ट्रीम या फॉन्ट कंपनीसाठी अमेरिगो काढला त्यात त्यांनी उलटा मार्ग घेतला. टोकं इतकी ठळक फाकवली की प्रिंटरला ती गिळता येऊ नयेत.

तुम्हाला फोनवर पुस्तक वाचलं जावं असं वाटत असेल तर सहाची निदान बारा करा. नाहीतर फॉन्टवर लिहून टाका की फक्त छपाईसाठी.

माइनकाठी

फ्रँकफुर्टहून लिहितेय, ऑप्टिमाच्या माहेरातून. १९५८ मध्ये इथल्याच श्टेम्पेल फाउंड्रीनं (टाइप ओतणाऱ्या कारखान्यानं) तो बाजारात आणला. तो काढणारे हेरमान झाप्फ १९५० मध्ये फ्लॉरेन्सला गेले होते, तिथल्या सांता क्रोचे चर्चच्या जमिनीतल्या थडग्यांच्या शिळांवरची अक्षरं त्यांना भावली. जवळ कागद नव्हता म्हणून हजार लिरांच्या नोटेवर त्यांनी ती रेखाटून घेतली. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ती खरीच आहे. नाव मात्र त्यांना 'नोय-अँटिक्वा' असं काहीसं साधं हवं होतं. 'ऑप्टिमा' विक्री करणाऱ्यांनी दिलं.

मी त्या शिळा पाहिल्या आहेत. फोटोत जे कळत नाही ते सांगते. शतकानुशतकं माणसं त्यांवरून चालत आली आहेत, त्यामुळे काही शिळांवरची अक्षरं खूप झिजली आहेत. कुठे खाचेची फक्त खोल बाजू उरलीय, कुठे अर्धं नावच गेलंय. तरी जी अक्षरं शाबूत आहेत त्यांत सेरिफ नाहीत हे स्वच्छ दिसतं. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये सेरिफविना रोमन कॅपिटल कोरायची चालच होती. म्हणजे 'आधी सेरिफ, मग कुणीतरी ते कापले, मग सॅन्स' ही सरळ रेघ खोटी आहे. छापखान्यात सेरिफविना टाइप १८१६ मध्ये कॅस्लन फाउंड्रीच्या नमुन्यात आला हे खरं, पण दगडात तो कितीतरी आधी होता.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर ५८,००० हून जास्त नावं आहेत, ती ऑप्टिमात. सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांवरही ऑप्टिमा दिसतो. एकच वळण दोन्हीकडे कसं चालतं याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझं मत: त्यात हात दिसत नाही, पण यंत्रही दिसत नाही.

अवांतर: मूळ ऑप्टिमाला खरं इटॅलिक नव्हतं, नुसती तिरकी केलेली अक्षरं होती. झाप्फ आणि अकिरा कोबायाशी यांनी २००२ मध्ये ऑप्टिमा नोव्हा केला तेव्हा खरं इटॅलिक आलं. अर्धविराम, कवितेच्या पुस्तकात इटॅलिक लागतंच. आत्तापासून धरून चला.

टवाळ

हजार लिरांची नोट म्हणजे आपले किती हो? (गप्प बसतो म्हणालो होतो, माहीत आहे.)

वैदर्भीय

इथे जरा आडवं येतो. देवनागरीला सेरिफ नाही हे सगळे गृहीत धरून चाललेत. आमच्या वाकाटक राजांना विचारा. पाचव्या शतकातले त्यांचे ताम्रपट आणि अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला वराहदेवाचा लेख बघा. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी आहे. म्हणूनच त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादित केले, त्यांतले ठसे पाहिले तर सेरिफ याहून वेगळा काय असतो असंच वाटेल.

उत्तरेकडच्या लिप्यांमध्ये माथ्यावरची खूण पेटीऐवजी पाचरीसारखी होती. ती पाचर हळूहळू आडवी पसरत गेली आणि साधारण दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत शेजारच्या अक्षराच्या पाचरीला जाऊन भिडली. तीच आपली शिरोरेषा. म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला सेरिफ आहे आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. तुम्ही शिरोरेषेच्या टोकाला आणखी फाकवता तेव्हा सेरिफवर सेरिफ चढवता. ओळ टोचते ती त्यामुळे.

अर्धविराम

@वैदर्भीय, दंडवत! हे डोक्यातच आलं नव्हतं असं नाही म्हणणार, पण इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. टोकं काढून टाकतो.

@पिक्सेलपंत, बारा एककांचा प्रयोग लगेच करून पाहिला. ११ पॉइंटला ठीक, पण २४ पॉइंटच्या शीर्षकात अक्षरं डमरू होतात. मला वाटतं दोन वेगळे आकार-मास्टर लागतील: लहान आकाराला दहा-बारा, मोठ्या आकाराला पाच-सहा. 'फक्त छपाईसाठी' असं मात्र लिहिणार नाही. मॉनिटरवर तो सॅन्स दिसला तरी चालेल. तिथे निदान त्याच्या पोकळ्या आणि रुंदी माझ्या असतील.

@माइनकाठी, इटॅलिकचं काम डोंगराएवढं आहे आणि तुम्ही ते आठवून दिलंत. आभार मानू की राग धरू?

बोरूबहाद्दर

जुनाछापखाना यांनी माझ्याकडे बोट दाखवलंच आहे, तर लिहितो. मी सुलेखनाचे वर्ग घेतो, फॉन्टमधलं काही कळत नाही. पण हाताचं सांगू शकतो.

देवनागरीसाठी बोरू ज्या बाजूनं तिरका छाटतात ती रोमनच्या उलट. हे वाचून सोडून देऊ नका, एक कट निब घेऊन आत्ता कागदावर करून बघा. रोमनच्या धारेनं कॅपिटल 'ए' काढा: डावी तंगडी बारीक येईल, उजवी जाड. आता देवनागरीच्या धारेनं तेच काढा. डावी जाड, उजवी बारीक. म्हणून आपल्याकडे 'र'चा खाली उजवीकडे उतरणारा पाय बारीक निघतो. तुम्ही रोमनचा जाड-बारीकपणा उचलून देवनागरीवर ठेवलात तर 'र'चा पाय जाड होईल, आणि मराठी वाचणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण पान परकं वाटेल. बाहेरच्या काही फॉन्टांत हा घोळ डोळ्यांना खुपतो.

दुसरं, टोकांचं. तुमचं रोमनचं फाकलेलं टोक छिन्नीचं आहे. छिन्नी दोन्ही बाजूंना सारखी फाकते, म्हणून ते टोक सममित. बोरूचं टोक फाकत नाही. बोरू जिथे टेकतो तिथे त्याच्या धारेचा तिरकस काप उमटतो आणि जिथे उचलतो तिथेही तोच काप, त्याच दिशेला. दंडाचा माथा शिरोरेषेत लपतो, पाय उघडा राहतो. तो पाय तिरका छाटा. शिरोरेषेची दोन्ही टोकं त्याच कोनात छाटा, फाकवू नका. सगळ्या पानावर एकच कोन खेळला की ओळ टोचणार नाही.

कोन किती? हातानं लिहिताना तो पंचेचाळीस अंशांच्या आसपास येतो. छापील मजकुराला तेवढा तीव्र ठेवलात तर सुलेखन होईल आणि तुमच्या रोमनशेजारी आगाऊ दिसेल. पंधरा-वीस करून बघा. तुमचं 'मधलं' मला तिथे दिसतं: हात कुठून आला ते कळावं, पण हात पुढे पुढे करू नये.

तिसरं, गाठ. 'न', 'म', 'भ' यांची गाठ पोकळ ठेवलीत तर लहान आकारात भरून येते, भरीव केलीत तर ओळभर काळे ठिपके दिसतात. मराठीत 'म' आणि 'न' किती वेळा येतात ते सांगायला नको. मी असतो तर गाठ भरीव पण चपटी, दंडाच्या जाडीपेक्षा जेमतेम मोठी केली असती. आणि शिरोरेषा दंडापेक्षा बारीक ठेवा. दोन्ही सारख्या झाल्या की ओळीवर छत पडतं.

जुनाछापखाना

चपट्या गाठीला अनुमोदन. आमच्या खिळ्यांत पहिली झिजायची ती 'भ'ची गाठ.

पिक्सेलपंत

बोरूबहाद्दर, फॉन्टमधलं काही कळत नाही म्हणालात ते मागे घ्या.

एक भर: तिरक्या कापाचा पडद्यावर फायदा आहे. सहा एककांचा फाकवा अख्ख्या दंडावर पसरलेला असतो, म्हणून विरतो. तिरका काप एकाच जागी साठलेला. ८४ रुंदीच्या दंडाला वीस अंशांचा काप दिला तर डाव्या-उजव्या कोपऱ्यात साधारण ३० एककांचा फरक पडतो. फोनवर तो दीड पिक्सेल झाला. म्हणजे तुमची देवनागरी फोनवरही स्वभाव टिकवेल, रोमनपेक्षा जास्त.

पाटीपेन्सिल

वाचतेय, तांत्रिक भाग अर्धा डोक्यावरून गेला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी तक्रार वेगळी आहे. मुलांना पाठ्यपुस्तकात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' शिकवायचा, २००९ चा शासन निर्णयही तसंच सांगतो, आणि संगणकावर प्रश्नपत्रिका काढली की हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' उमटतो. मुलं विचारतात, बाई, हे कोणतं अक्षर? तुमच्या फॉन्टमध्ये हे आधी नीट करा, मग फाकवा-छाटा काय ते.

आणि 'ळ'! बऱ्याच फॉन्टांत 'ळ' शेवटी उरलेल्या वेळात काढल्यासारखा असतो. हिंदीत तो लागत नाही, आपल्याकडे एका ओळीत चार वेळा येतो.

पिक्सेलपंत

बाई, याला सोय आहे. ओपनटाइप या फॉन्टच्या स्वरूपात 'लोकल' नावाचं फीचर असतं. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवायची. मजकुराची भाषा मराठी असं नोंदलेलं असेल तर मराठी 'ल', 'श' आपोआप येतात. गोम अशी की लोक मजकुराची भाषा नोंदतच नाहीत, मग मूळ वळण उमटतं. टिरो देवनागरीनं म्हणूनच सरळ मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगळ्या फाइली दिल्या आहेत. अर्धविराम, तुमचा वाचक मराठी आहे. मूळ वळणच मराठी ठेवा, हिंदी पर्याय म्हणून द्या. बाईंच्या प्रश्नपत्रिकेचा प्रश्न तिथेच सुटतो.

मैत्रेयी_क

याला जोरदार अनुमोदन. 'ळ'बद्दल: त्याची दोन्ही वेटोळी सारखी करायचा मोह होतो, करू नका. डावं किंचित लहान ठेवलं की अक्षर पुढे झुकल्यासारखं न वाटता उभं राहतं. आणि दोन वेटोळ्यांच्या मधल्या जोडाशी रेघ बारीक केली नाही तर तिथे शाईचा डाग बसतो.

अर्धविराम

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री बसून पुष्कळ बदललं, ते सांगतो.

शिरोरेषेची टोकं अठरा अंशांत छाटली, दंडाचे पायही त्याच कोनात. फाकवा देवनागरीतून पूर्ण काढला. शिरोरेषा ७०, दंड ८८. जाड-बारीक बोरूच्या दिशेनं: 'र'चा पाय निघताना ५८, शेवटी ७४. 'र' आता 'र' दिसतो. गाठ चपटी केली, पण बोरूबहाद्दर, तुम्ही सांगितलीत त्याहून थोडी मोठी ठेवली आहे, कारण 'म' आणि 'भ' शेजारी आले की लहान गाठ दंडाला चिकटते.

शिरोरेषेची उंची रोमनच्या एक्स-उंची आणि कॅपिटल यांच्या मधे, ६१० वर आली. समोरासमोर पानं ठेवली तर रोमनमध्ये सममित फाकलेली टोकं आणि देवनागरीत एका दिशेचा काप, असं दोन वेगळ्या हत्यारांचं काम दिसतं. मला आधी वाटत होतं दोन्हींत एकच खूण असली पाहिजे. आता तसं वाटत नाही. जाडीचं प्रमाण आणि पानाचा करडेपणा जुळला की पुरतं. मशीनवाले, तुमची सरकपट्टी वाया जाणार नाही, लहान आणि मोठ्या आकारांच्या मधे तीच लावतोय.

मराठी 'ल' आणि 'श' मूळ जागी. 'ळ' नव्यानं काढतोय. 'ॲ' राहिला होता, तोही घेतला.

बोरूबहाद्दर

गाठीचं पटलं. 'र'चा पाय शेवटी ७४? मी ८० पर्यंत गेलो असतो. छापून बघा, पडद्यावर ठरवू नका.

टवाळ

नाव काय ठेवणार? 'नरोवाकुंजरोवा' सुचवतो. ना सेरिफ, ना सॅन्स.

मैत्रेयी_क

टवाळ, या धाग्यावरचं तुमचं पहिलं कामाचं वाक्य.

पाटीपेन्सिल

नाव काहीही ठेवा, पण ऱ्य आणि ऱ्ह बघितलेत का? अर्ध्या 'र'ची ती चंद्रकोर शिरोरेषेला चिकटली की मुलं तिला मात्रा समजतात. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, कुऱ्हाड, बिऱ्हाड, गोऱ्हा एवढे शब्द नमुन्याच्या पानावर घ्या.

अर्धविराम

घेतो. त्याच पानावर 'ळ' शेजारी 'ळ' यावा म्हणून 'खळाळ' आणि 'वळवळ'ही टाकतो. ऑफसेटचं प्रूफ आलं की स्कॅन करून ६०० टक्के मोठं करून इथे चढवतो. 'र'चा पाय एका ओळीत ७४ आणि दुसऱ्या ओळीत ८० असा छापणार आहे. कोणती कोणती ते सांगणार नाही, तुम्हीच ओळखा.